बिननावाची तलवार आणि नवमीचं लिंबू

माझ्या नवऱ्यानं ती तलवार घरी आणली ती गोल्फच्या पिशवीतून. आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारा-म्हातारी राहायचे. दोघंही गेल्यावर मुलांनी घर रिकामं करायला सेल लावला. इथे अमेरिकेत माणूस गेला की त्याचे चमचे, खुर्च्या, ख्रिसमसचे दिवे, सगळं किमतीच्या चिठ्ठ्या लावून गॅरेजमध्ये मांडतात आणि शेजारीपाजारी हातात कॉफी घेऊन त्यात उचकापाचक करतात. मला ते कधी पाहवलं नाही. माझा नवरा मात्र शनिवारी सकाळी अंघोळ करून, भांग पाडून अशा सेलला जायचा. त्या दिवशी तो परतला तेव्हा त्याच्या खांद्यावर ती पिशवी होती. गोल्फ कधीपासून, असं मी विचारायच्या आत त्यानं काठ्यांच्या मधून चामड्याच्या म्यानातली तलवार उपसून काढली आणि डायनिंग टेबलावर मी निवडायला पसरलेल्या डाळीशेजारी ठेवली.

म्हाताऱ्यानं ती युद्धावरून आणली होती, जपानी होती आणि मुलाला घरात नको होती, एवढी माहिती त्यानं दिली. मलाही नकोच आहे, असं मी म्हटलं. पण तोपर्यंत त्यानं चष्मा कपाळावर चढवून नाक पात्याला लावलं होतं आणि अशा वेळी त्याला माझं ऐकू येत नाही.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बेलव्ह्यूत तेव्हा उंच ऑफिसं नुकती कुठे उभी राहायला लागली होती. हिंदुस्तानी किराणा घ्यायचा तर तळं ओलांडून सिॲटलला जावं लागायचं. नवरा विमानं बनवणाऱ्या कंपनीत धातूंचा इंजिनिअर होता. विमानाचा एखादा भाग तडकला, मोडला की तो ह्याच्या टेबलावर यायचा आणि का मोडला हे ह्यानं सांगायचं. थोडक्यात, मोडक्या वस्तू बघून आनंद होणारा माणूस. मुलगा नुकताच कॉलेजला दुसऱ्या राज्यात गेला होता, त्याची खोली रिकामी होती आणि त्या खोलीत पुढच्याच आठवड्यात साताऱ्याहून माझी आई यायची होती. गंजकी तलवार आणि सासू एकाच महिन्यात घरात घेणारा माझ्या ओळखीत तोच एक.

वडील जाऊन वर्ष झालं होतं. मी एकुलती एक. आई साताऱ्यात एकटी, खाली भाडेकरू आणि वर ती. त्या वर्षी मला आयुष्याकडून दुसरं काही नको होतं, आईनं आमच्याकडे कायमचं राहावं एवढंच हवं होतं. ती मात्र ‘सहा महिने येते’ म्हणाली आणि मार्चचं परतीचं तिकीट आमच्या हाती न देता तिनं स्वतःच्या पिशवीत ठेवलं. जावयाच्या दारात बाईमाणसानं मुक्काम ठोकायचा नाही, हे तिच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की त्यावर वाद घालणं म्हणजे भिंतीशी बोलणं. मला तिच्या ह्या विचाराचा भयंकर राग यायचा. तिच्यासमोर तो गिळायचे आणि भांड्यांवर काढायचे.

त्यात ती जावयाशी बोलायची नाही. म्हणजे रुसवा नव्हे, रीत. तिच्या पिढीत सासूनं जावयासमोर फार तोंड उघडायचं नसतं. तो समोर बसलेला असायचा आणि आई मला म्हणायची, “त्यांना विचार, आमटी वाढू का?” मग माझा नवरा, नागपूरचा असून, एरवी कुणाचीही भीडभाड न ठेवणारा, तोही मलाच सांगायचा, “त्यांना म्हणावं, अर्धी वाटी.” दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या दोन माणसांमध्ये मी टेलिफोन ऑपरेटर. तो समोर आला की ही पदर सावरून उठायची. ऑफिसातून त्याची गाडी ड्राइव्हवेमध्ये वळली की ही सोफ्यावरून उठून स्वयंपाकघरात. मी एकदा वैतागून म्हटलं, अगं, घर आहे हे, तहसील कचेरी नाही. तर म्हणाली, “तुझं घर आहे.”

एका दुपारी मी तिला थेटच विचारलं होतं की तुला इथे काय कमी आहे. ती खिडकीतून बाहेरच्या देवदारांकडे बघत होती. म्हणाली, “कमी काही नाही गं. साताऱ्यात बाहेर पडले की भाजीवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं, मी मास्तरांची बायको. इथं मी कोण?” तू माझी आई, असं म्हटलं असतं तर ती हसली असती.

इकडे तलवारीची वेगळीच चौकशी सुरू झाली होती. नवऱ्यानं ऑफिसातल्या कुणाकडून तरी पत्ता काढून जपानी तलवारींचा नाद असलेल्यांचा एक क्लब गाठला. ही मंडळी महिन्यातून एकदा सिॲटलमधल्या एका हॉलमध्ये जमत. त्यांच्यात सगळ्यांत जाणते होते ते एक रिटायर झालेले डेंटिस्ट. आम्ही त्यांना डेंटिस्टकाका म्हणायला लागलो, अर्थात त्यांच्या माघारी. त्यांचा जन्म इथला, आईवडील जपानहून येऊन ह्याच बेलव्ह्यूत स्ट्रॉबेरी पिकवायचे. घरात एक तलवार होती. युद्ध पेटलं तेव्हा भीतीनं वडिलांनी ती मळ्यात पुरली आणि सरकारनं जपान्यांना छावण्यांमध्ये हलवल्यावर ती कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही. हे त्यांनी आम्हाला कोरडेपणानं सांगितलं. मग दुसऱ्यांच्या तलवारी ओळखण्यात त्यांनी आपलं उरलेलं आयुष्य घातलं.

ते घरी आले, गुडघ्यांवर बसले, तलवारीला वाकून नमस्कार केला आणि मगच म्यानाला हात लावला. आईला हे स्वयंपाकघराच्या दारातून दिसलं. “शिकलेले दिसतात,” ती मला म्हणाली. त्यांनी मुठीतली बांबूची छोटीशी खुंटी ठोकून काढली, मूठ उतरवली. मुठीच्या आत जाणारा पोलादाचा भाग काळाकुट्ट गंजलेला होता. त्यावर दोन भोकं होती आणि नाव कुठेच नव्हतं. कारागीर आपलं नाव तिथे कोरतात, असं ते म्हणाले. हिच्यावर नाही. बाहेरचा सगळा साज युद्धातला, फौजेनं दिलेला, पण पातं कधीचं आहे ते सांगता येत नव्हतं. कारखान्यात घाऊक बनवलेलं असू शकतं किंवा कुठल्या तरी घराण्यातलं जुनं पातं फौजी मुठीत बसवलेलं असू शकतं. वर गंज आणि ओरखडे एवढे की खालचं काही दिसत नव्हतं.

मग त्यांनी नियम सांगितले. मुठीतला गंज कधीही खरवडायचा नाही, तोच तिच्या वयाचा पुरावा. पात्याला बोट लावायचं नाही. पात्याकडे तोंड करून बोलायचं नाही, थुंकी उडते. पाणी नाही, पॉलिश नाही, ॲसिड तर मुळीच नाही. शेवटचं वाक्य त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बघून म्हटलं, कारण ह्याचा व्यवसाय त्यांना कळला होता. हा ऑफिसात दिवसभर तेच करायचा. धातूचा तुकडा घासायचा, त्यावर ॲसिडचा फाया फिरवायचा की आतली ठेवण दिसायला लागते. त्याचे हात शिवशिवत होते, पण त्यानं शब्द दिला. फक्त जुनं तेल मऊ कागदानं टिपून नवं तेल लावायचं, एवढीच परवानगी होती. त्या तेलाला लवंगेचा वास. पहिल्या रविवारी आईनं विचारलं, “दाढ कुणाची दुखतीय?”

असे हे सगळे नियम घरात लागू झाले. मला सांगितले होते, मुलालासुद्धा फोनवर सांगितले होते. आईला कुणी सांगितले नव्हते, कारण तिला जे सांगायचं ते माझ्यामार्फत, आणि मला वाटलं नाही की साताऱ्याहून आलेली माझी आई तलवारीला हात लावेल.

खंडेनवमी आली. आम्ही ती इतकी वर्षं कधी केली नव्हती. दसऱ्याला श्रीखंडाच्या नावाखाली काहीतरी आंबट-गोड खायचं आणि आपट्याऐवजी मेपलची पानं वाटायची, एवढाच आमचा दसरा. पण आईच्या माहेरी नवमीला शस्त्रं मांडायची पद्धत होती. तिच्या आजोबांच्या घरात दोन तलवारी आणि एक भाला होता. त्यांची पूजा व्हायची आणि त्यांच्यासमोर कोहळा कापायचे. आम्ही दोघं कामावर गेल्यावर तिनं पाटावर सगळी हत्यारं मांडली. माझं शिवणयंत्र, नवऱ्याचं ड्रिल, पान्ह्यांचा डबा, तिनं सामानातून आणलेली विळी. कामाच्या टेबलावर तलवार होतीच. ती तिनं म्यानातून काढून मधोमध ठेवली. सगळ्यांना हळदकुंकू, अक्षता, फुलं. मी कामाला चालत जायचे म्हणून गॅरेजमध्येच असलेल्या दुसऱ्या गाडीच्या बॉनेटवर स्वस्तिक.

कोहळा बेलव्ह्यूत कुठून मिळणार? तिनं फ्रिजमधलं लिंबू घेतलं. इथलं लिंबू म्हणजे पिवळं, मोठं, मोसंब्याएवढं. ते तिनं तलवारीवर दाबून कापलं आणि दोन्ही फोडी पात्याला नीट चोळून तिथेच ठेवल्या.

मी दुपारी लायब्ररीतल्या पार्ट टाइम नोकरीवरून आले तर आई प्रसन्न चेहऱ्यानं जपमाळ घेऊन बसलेली. मग माझं पाटाकडे लक्ष गेलं. पात्याच्या खालच्या भागावर रस वाळून चिकट पट्टा झाला होता, त्यात कुंकू कालवलं गेलं होतं. मी हात पुढे केला तर आई म्हणाली, “हलवायचं नाही. उद्या उत्तरपूजा झाल्यावर.” नवमीला हत्यारांना विश्रांती असते. एकदा मांडली की दसऱ्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही, हे मलाही लहानपणापासून ठाऊक होतं.

संध्याकाळी नवरा आला. बूट काढता काढता त्याची नजर गेली. तो पाटासमोर उभा राहिला आणि बराच वेळ उभाच राहिला. आमच्या लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती, पण त्याचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. मला आईची भयंकर दया आली आणि त्याचीही आली. पोलादावर लिंबाचा रस रात्रभर राहिला तर काय होतं, हे अख्ख्या वॉशिंग्टन राज्यात त्याच्याइतकं कुणाला कळत असेल, शंकाच आहे. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. मला म्हणाला, “त्यांना विचार, पुसू का?”

आई दारात होती. तिलाही त्याचा चेहरा दिसत होता. काहीतरी चुकलं हे तिला कळलं असावं, पण काय ते कळत नव्हतं. ती मला म्हणाली, “त्यांना सांग, उद्या. पण त्यांची वस्तू आहे, त्यांना पाहिजे तर पुसू देत.”

त्यानं पुसली नाही. हात जोडले, पाटाला नमस्कार केला आणि कपडे बदलायला गेला. मी मागोमाग गेले, म्हटलं, अरे, पूस ना, ती काही म्हणणार नाही. तो म्हणाला, “तलवार पुन्हा घासता येईल यार. त्यांची पूजा मी कशी मोडू?” त्या क्षणी तो मला इतका आवडला की मी त्याला ते सांगितलंसुद्धा. एरवी मी असलं काही सांगत नाही, लगेच डोक्यावर बसतो.

दसऱ्याला आईनं अक्षता टाकून उत्तरपूजा केली. शेवटची अक्षता पडताक्षणी नवऱ्यानं तलवार उचलली. खायचा सोडा लावून आम्लाचा अंश मारला, मऊ कागदानं टिपलं, तेल लावलं. दोन ठिकाणी नवीन तांबूस गंज आला होता. पण लिंबू जिथे चोळलं होतं तिथला करडा मळ गेला होता आणि धारेच्या जरा वर, दूध तापवताना पातेल्याच्या कडेला सायीची रेघ राहते तशी एक पांढुरकी, नागमोडी रेघ दिसत होती. नवरा खुर्चीत बसला. तो ऑफिसात ॲसिडनं करायचा तेच काम आईनं केलं होतं, फक्त फ्रिजमधल्या लिंबानं.

डेंटिस्टकाकांना सांगणं भाग होतं. ते आले, पातं दिव्याखाली धरून उलटसुलट पाहिलं. हे कुणी केलं, असं शेवटी विचारलं. नवरा म्हणाला, मी. खोटं बोलायला त्याला क्षणही लागला नाही. आईला इंग्रजी कळत नव्हतं, पण डेंटिस्टकाकांचा सूर आणि जावयाची खाली गेलेली मान कळत होती. मी मध्ये पडायच्या आत ती पुढे आली, स्वतःकडे बोट केलं, मग ओट्यावरच्या लिंबाकडे बोट केलं आणि दोन्ही हात पात्यावर चोळल्यासारखे करून दाखवले. नंतर जोडलेले हात कपाळाला लावून पूजा केल्याचंही दाखवलं. काका तिच्याकडे बघतच राहिले. मग ते तिच्यासमोर वाकले, तलवारीसमोर वाकले होते तसेच.

त्यांनी समजावलं ते असं. पुन्हा कधीही करू नका, अशानं पाती मरतात. पण करून बसलाच आहात, तर आता बघा. जाणकार घासणारा आधी पात्याचा छोटासा तुकडा उजळून खिडकी उघडतो, आत काय आहे ते बघायला. तुमच्या घरात ती खिडकी उघडली गेली आहे. ही रेघ हातानं माती लावून, तापवून पाण्यात बुडवलेल्या पात्याची आहे. कारखान्यातल्या पात्याला अशी येत नाही. ही जुनी आहे. किती जुनी आणि कुणाची, ते पूर्ण घासल्याशिवाय मला सांगता येणार नाही.

मी आईला सगळं मराठीत सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “मग लिंबू लागलं म्हणायचं.” जावयानं आपल्यासाठी खोटं सांगितलं, हेही मी तिला सांगून टाकलं. त्या दिवसापासून त्याची गाडी वळली की सोफ्यावरून उठायची बंद झाली.

पातं कॅलिफोर्नियातल्या एका घासणाऱ्याकडे गेलं. तो जपानमध्ये वर्षानुवर्षं शिकून आला होता. एकावर एक बारीक होत जाणाऱ्या दगडांवर, पाणी घालत, हातानं घासायचं असं हे काम, महिने लागतात. प्रत्येक घासणीत पातं थोडं झिजतं. पात्यात एक घासणी उरली असेल, दुसरी नाही, असं त्यानं फोनवर कळवलं होतं. धारेला आत तडा निघाला तर सगळं फुकट. आमच्या घरात तो हिवाळा त्या पात्याच्या चिंतेत गेला. आई रोज मला म्हणायची, “त्यांना विचार, फोन आला का.” तो म्हणायचा, “त्यांना सांग, नाही.” पुढे पुढे मी भात परतण्यात गुंतलेली असले की हे दोघं माझ्याकडे बघायचे, मी उत्तर देत नाही म्हटल्यावर एकमेकांकडे बघायचे आणि गप्प बसायचे. मी मुद्दाम भात जास्त वेळ परतायला लागले. पण मार्च जवळ येत होता आणि आईनं साताऱ्याला नेण्यासाठी भाडेकरूंच्या पोरांना क्रेयॉन घेऊन ठेवले होते. ते क्रेयॉन बघितले की माझा जीव कासावीस व्हायचा.

फेब्रुवारीत तलवार परत आली. तडा नव्हता. नवऱ्यानं ती खिडकीतल्या उजेडात आडवी धरली. पोलादात लाकडाच्या रेषांसारखी वीण होती. ती सायीची रेघ मुठीपासून टोकापर्यंत चढत-उतरत गेली होती आणि तिच्यावर, अगदी तिरकं धरलं तरच, श्वासाची वाफ बसावी तशी दुसरी सावली दिसत होती. नवरा रडला. चक्क रडला आणि चष्मा पुसत म्हणाला की धूळ आहे. आईनं त्याला पदर दिला नाही, पण टेबलावरचा टॉवेल पुढे सरकवला.

त्याच सुमारास जपानहून दोन परीक्षक आले होते. विमानतळाजवळच्या हॉटेलात ते लोकांच्या तलवारी पाहून मत देणार होते. आम्ही निघालो तेव्हा आई नऊवारीवर माझा जाड कोट आणि पायात मुलाचे जुने स्नीकर्स घालून दारात उभी. मी विचारलं, तूही येतेस? “लिंबू मी दिलंय,” ती म्हणाली.

हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू यावं अशी शांतता. लोक आपापली तलवार मांडीवर घेऊन दवाखान्यात बसल्यासारखे बसले होते. आमच्या आधीच्या माणसाच्या तलवारीवर मोठं नाव कोरलेलं होतं. परीक्षकांनी ते पाहिलं, पातं पाहिलं आणि नम्रपणे सांगितलं, नाव खोटं आहे. तो माणूस उठून गेला. मग आमचा नंबर. थोरल्या परीक्षकानं आधी मुठीतला काळा भाग पाहिला, तिथे काहीच नाही म्हणून मान हलवली आणि पातं उजेडात धरून इतका वेळ पाहिलं की नवरा सरकत खुर्चीच्या कडेवर आला. मग तो बोलला आणि डेंटिस्टकाकांनी आमच्यासाठी इंग्रजी केलं. ही जपानातल्या बिझेन प्रांतातली, पाचशे वर्षांच्या वरची. तिथल्या एका घराण्याचा हात स्पष्ट दिसतो. त्या वरच्या धूसर सावलीवरून त्याला खात्री होती.

आई मागे खुर्चीत होती. ती उठली आणि पहिल्यांदाच, मला वगळून, जावयाला म्हणाली, “पण नाव का नाही, ते विचारा.”

त्यानं विचारलं. काकांनी हातांनी माप करून दाखवत आईलाच समजावलं, नवरा तिला मराठीत सांगत होता. मूळची ही घोड्यावरच्या माणसाची, खूप लांब. पुढे काळ बदलला, लोक पायी लढायला लागले. मग कुण्या नव्या मालकानं आपल्या कमरेला बसावी म्हणून मुठीच्या बाजूनं ती तोडून आखूड करून घेतली. नाव तिथेच होतं, ते तुकड्याबरोबर गेलं. म्हणूनच दोन भोकं, जुन्या मुठीचं एक आणि नव्या मुठीचं एक. आणि तोडून आखूड केली म्हणजे अपमान नव्हे, काका म्हणाले. जी वापरायची असते तीच मापाची करून घेतात.

“मग ओळखलं कशावरून?” आईनं विचारलं.

“पोलाद तेच आहे म्हणतात. ते तोडलं म्हणून बदलत नाही,” नवरा म्हणाला.

आईनं मान डोलावली आणि परत जाऊन बसली.

घरी येताना नवरा ड्राइव्ह करत होता, मी शेजारी, आई मागे आणि तिच्या बाजूच्या सीटवर कापडात गुंडाळलेली तलवार. रेंटनच्या वळणावर नेहमीसारखा ट्रॅफिक तुंबला. गाड्या थांबल्या तेव्हा नवरा आरशात बघत म्हणाला, “आई, मार्चमध्ये जाऊ नका. इथेच राहा.” त्यानं आयुष्यात तिला इतकं थेट काही सांगितलं नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण मी तोंड उघडलं असतं तर सगळं बिघडलं असतं हे मला ठाऊक होतं.

आईनं शेजारच्या कापडात गुंडाळलेल्या तलवारीवर हात ठेवला. मग म्हणाली, “माझंही नाव लग्नात गेलं. सासूबाईंचं तेच होतं. एका घरात दोन कशाला, म्हणून तांदळात अंगठीनं दुसरं लिहिलं.”

मी मागे वळले. माझं नाव लग्नात बदललं नव्हतं, पण त्याचं कारण एवढंच की पासपोर्ट आधी झाला होता. आईचंही दुसरं नाव असेल हे मला कधी सुचलंच नाही. आजोळी सगळे तिला अक्का म्हणायचे. आम्ही आई म्हणायचो, वडील ‘अगं, ऐकलंस का’. तुला वाईट वाटलं का, असं मी तिला विचारलं.

“तेव्हा कोण विचारतंय,” ती म्हणाली. “आणि तुझे वडील चांगले होते. त्या घरात मी सुखानं राहिले. पण आज त्या माणसानं नाव नसताना तिला ओळखलं, ते मला फार बरं वाटलं.”

“तुमचं नाव काय होतं?” नवऱ्यानं विचारलं. ‘त्यांना विचार’ म्हणून माझ्याकडे पाहिलं नाही.

आईनं सांगितलं. छोटंसं, जुन्या वळणाचं नाव. मी ते इथे लिहीत नाही, तिनं ते आम्हा दोघांनाच सांगितलं होतं. तिच्याकडे बघून ते तिचं वाटायचं नाही आणि पुन्हा बघितलं की तिचंच वाटायचं. समोरच्या गाड्या हलल्या, मागच्यानं हॉर्न दिला, तरी नवऱ्यानं गाडी पुढे घेतली नाही. त्यानं ते नाव एकदा मनाशी जुळवलं आणि शाळेत हजेरी घेतात तसं मोठ्यानं उच्चारलं. मग विचारलं, “राहताय ना?”

मागच्या सीटवरून आईनं आधी ओ दिली. मग म्हणाली, “राहते.”